दोन स्लीपरांमधलं अंतर

ट्रकनं मला तिसऱ्यांदा विचारलं, "दुसरे प्रवासी आले का?"

आवाज बाईचा होता, गोड आणि निर्विकार. मी म्हटलं, "आले असते तं तुले दिसले नसते का?" त्यावर ट्रक म्हणाला, "कृपया पुन्हा सांगा."

ड्रायव्हर नसलेल्या गाडीशी भांडण्यात काही राम नाही. माणूस असता तर हातातला चहा ठेवून उतरला असता, चार ठिकाणी डोकावून आला असता, "काकू, घाबरू नका," असं खोटंच म्हणाला असता. हा ट्रक फक्त विचारत होता.

आमचा संसार नागपूरहून म्हैसूरला चालला होता. मागे कंटेनरमध्ये कपाट, पलंग, शिलाई मशीन आणि लोणच्याच्या चार बरण्या. पुढे छोटी केबिन, तिच्यात आम्ही दोघं आणि सीटखाली ह्यांनी गोधडीत गुंडाळून ठेवलेलं काहीतरी लांबट. हिंगणघाट ओलांडल्यावर चार्जिंगसाठी गाडी थांबली. आमचे हे म्हणाले, "पाय मोकळे करून येतो." मी "हाव" म्हटलं आणि चिवड्याचा डबा काढायला वाकले. तेव्हा साडेनऊ वाजले होते. सव्वादहाला चार्जिंग संपलं. मी संडासात विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, मागच्या शेतात हाका मारल्या. ह्यांचा फोन सीटवरच पडलेला होता.

आमचे हे म्हणजे गुणवंत बोरकुटे. वय चौऱ्याहत्तर, रेल्वेचे निवृत्त कीमन. हल्लीच्या पोरांना कीमन कोण ते सांगावं लागतं. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवायला लोखंडी चाव्या असतात. गाडीच्या धक्क्यानं त्या ढिल्या होतात. कीमननं रोज आपल्या हद्दीतून पायी जायचं, एकेक चावी बघायची, ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची. जाताना डावा रूळ, येताना उजवा. ह्यांची हद्द सहा किलोमीटरची. जाऊन-येऊन बारा, असं पस्तीस वर्षं. मी पंचफुला. लाइनीपलीकडच्या गावात अंगणवाडी सेविका होते आणि रेल्वे गेटजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्या लाइनीवरची गाडी बंद झाली, तशी ह्यांची नोकरीही संपली आणि आम्ही नागपूरला दोन खोल्यांत आलो. त्याला आता सोळा वर्षं झाली.

म्हैसूरला मुलगा आहे, प्रज्वल. त्याला फोन केला.

"आई, तू तिथंच थांब. कशाले हात नको लावू. मी पाऊलशोधले कळवतो."

"हात काऊन नको लावू? मी का खून केला?"

"आई, प्लीज!" तो रडवेला झाला होता.

पाऊलशोध काय आहे ते मला प्रज्वलनंच एकदा समजावलं होतं, आणि अंगणवाडीच्या बाईला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. रस्त्याकडेला जमिनीखाली इंटरनेटची केबल असते. तिच्यात केसाएवढी बारीक काचेची तार असते. तारेत एका टोकानं प्रकाश सोडतात. काच कितीही चांगली असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष राहतातच, आणि त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वरून कोणी चाललं की जमीन हलते, जमिनीबरोबर काच कणभर ताणली जाते आणि मागे फिरणारा प्रकाश बदलतो. किती वेळानं परतला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून पाऊल कळतं. म्हणजे नव्यानं काही पुरावं लागलं नाही. देशभर आधीच पुरलेल्या तारांना नुसतं ऐकायला शिकवलं.

आणि माणसाची चाल म्हणे अंगठ्याच्या ठशासारखी असते. टाच किती जोरात पडते, डाव्या-उजव्यात फरक किती, दोन पावलांत वेळ किती. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाची चाल घराजवळच्या रस्त्यावरून गोळा करून ठेवलेली असते. ह्यांचीही होती. हरवलेला म्हातारा साधारण तासाभरात सापडतो.

सापडतो ते चांगलंच. पण पुढचा नियम मला ठाऊक होता. सत्तरीपुढचा माणूस शोधपथकानं शोधून आणला, तर त्याचं नाव सांभाळ-यादीत जातं आणि मनगटावर पट्टा येतो. पट्टा असलेल्याला सोबत नसेल तर सोसायटीचं फाटक उघडत नाही, बस घेत नाही. सहा तासांच्या आत माणूस आपणहून परत आला, तर मात्र कुठं काही नोंद होत नाही. आमच्या शेजारच्या उईके गुरुजींना पट्टा होता. रोज सकाळी पांढरा शर्ट घालून ते फाटकाशी यायचे. फाटक उघडायचं नाही. गुरुजी त्याला "सुप्रभात" म्हणून परत जायचे. हे सगळं आमचे हे गॅलरीतून बघायचे आणि त्या दिवशी नीट जेवायचे नाहीत.

म्हणून मला ह्यांना साडेतीनच्या आत केबिनमध्ये आणून बसवायचं होतं, कोणाच्या मदतीशिवाय.

खरं सांगायचं तर माझं हे लपवणं नवं नव्हतं. वर्षभरापासून हे मधूनच कुठंतरी निघून जायचे, म्हणजे बसल्या जागीच. एकदा ह्यांच्या हातून भाजीत मीठ तीनदा पडलं. एकदा नातवाला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं, "आज वार कोणता?" असं विचारलं. मी डॉक्टरांच्या पाठीमागे उभी होते. पोरांना वार शिकवायचे तशी, सोमवारपासून मोजून, चार बोटं दाखवली. हे म्हणाले, "गुरुवार." अंगणवाडीत तपासणीला साहेब आले की मी हेच करायचे, पोरं पास व्हायची. हेही पास झाले.

साडेअकराला पाऊलशोध केंद्रातून फोन आला. समीक्षा नावाची मुलगी होती, बोलायला नीट.

"काकू, काकांची चाल आसपासच्या दहा किलोमीटरमध्ये कुठंच मिळत नाहीये. पंचाण्णव टक्के वेळा असं होत नाही. ते गाडीत बसून गेले असतील का?"

"त्यांच्या खिशात पैशांचं कार्डही नाही, बाई."

"मग मशीननं नाकारलेली तीन माणसं आहेत, ती तुम्हाला ऐकवते. घरच्या माणसांना कधीकधी ओळखू येतं. पहिली, कॅनॉलच्या रस्त्यावर. स्त्री, वय साठ." फोनमधून ठप-ठप असा आवाज आला. मी नाही म्हटलं. दुसरा लंगडत होता, पण उजव्या पायानं. मी नाही म्हटलं.

"तिसरी तर फारच वेगळी आहे, पण नियम म्हणून ऐकवते. तुमच्यापासून दोन किलोमीटरवर बंद पडलेली रेल्वेलाइन आहे ना, तिथं. रुळाकडेनं आमची केबल जाते म्हणून रूळ उचललेले नाहीत. पुरुष, अंदाजे वय चाळीस. चाल एकसारखी. उजव्या खांद्यावर साधारण पाच किलोचं ओझं. मधूनमधून थांबतो आणि काहीतरी ठोकतो. चोर असेल, काकू. रुळाचं लोखंड नेतात लोक."

आणि तिनं आवाज लावला.

मी चार्जिंग स्टेशनच्या बाकावर बसले होते. समोर महामार्गावरून ट्रक जात होते. मला त्यातलं काही दिसेना. खडीचा बारीक आवाज, मग स्लीपरवर पाऊल, पुन्हा स्लीपरवर पाऊल. स्लीपरांमधलं अंतर दोन फुटांच्या आसपास असतं. नवखा माणूस त्यावर चालायला गेला की एकेक स्लीपर घेतो तर पाऊल आखडतं, दोन घेतो तर पुरत नाही. कीमन वर्षभरात ते अंतर शिकतो आणि मग रुळावर त्याची स्वतःची चाल उरतच नाही. म्हातारपण आपल्या मनानं पाय ओढतं, पण स्लीपर आपलं अंतर बदलत नाहीत. घरी डावा पाय फरफटवणारा माझा नवरा आपल्या जुन्या हद्दीत चाळीस वर्षांचा होऊन चालला होता, म्हणून मशीनला तो सापडत नव्हता.

आणि मी? मी क्वार्टरच्या दारात उभी राहून हा आवाज पस्तीस वर्षं ऐकला होता. तो ऐकूनच तव्यावर पहिली भाकरी टाकायची. सीटखाली गोधडीत गुंडाळलेलं ते लांबट काय होतं तेही आता कळलं. लांब दांड्याचा हातोडा. तो देऊन टाका असं प्रज्वल म्हणाला होता आणि ह्यांनी तो दिला असंच मी समजत होते.

"काकू? हे काका आहेत का? हो म्हणालात तर पथक वीस मिनिटांत पोचेल."

मला उईके गुरुजींचा पांढरा शर्ट आठवला.

"नाही," मी म्हटलं. "हे माझे नाहीत."

खोटं बोलायला मला इतका कमी वेळ लागला, याचं माझं मलाच नवल वाटलं.

रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याला म्हटलं, जुनं गेट. त्याला गेट ठाऊक नव्हतं, म्हणून मीच डावीकडे-उजवीकडे सांगत गेले. सोळा वर्षांत रस्ता रुंद झाला होता, पण वळणं जिथल्या तिथं होती. गेटपाशी उतरले. क्वार्टरच्या फक्त दोन भिंती उभ्या होत्या. माझी चूल होती तिथं रुई उगवली होती. इथं मी प्रज्वलला बाजेवर ठेवून पाणी आणायला जायची. इथं विंचू निघाला होता. इथंच एका दिवाळीत आम्ही दोघांनीच सगळे अनारसे खाल्ले, कारण पाहुणा म्हणून कोणी येणारच नव्हतं. किती शिव्या घातल्या मी या जागेला! आणि आता त्या दोन भिंतींना हात लावून उभी राहिले. आमच्या भाकरीचा वास तिथं असल्यासारखं वाटलं. नव्हता, पण वाटलं.

गुडघे कुरकुरत होते तरी लाइनीच्या कडेनं चालू लागले. फेब्रुवारीचं ऊन होतं, सोसणारं. दोन-अडीच किलोमीटर गेले असेन. समोरून हे येताना दिसले.

पाठ ताठ. खांद्यावर हातोडा. मान खाली, नजर उजव्या रुळावर. म्हणजे टोकाला जाऊन परत फिरले होते. अर्ध्याअधिक चाव्या चोरांनी नेलेल्या, उरलेल्या गंजून गेलेल्या. त्यातली एखादी सापडली की थांबायचे, हातोडा घालायचे, कान देऊन ऐकायचे आणि पुढे निघायचे. असा माणूस मी किती वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं, काही हरवलंबिरवलं नाही, ह्यांना शेवटचं एकदा चालून घ्यायचं होतं इतकंच. मी इतकी खूश झाले की रुळाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

ते दहा पावलांवर थांबले.

"बाई, रुळाहून बाजूले व्हा," ते म्हणाले. "पावणेदोनची गाडी यायची हाय."

"अहो, मी हाय."

ते हसले. परक्या बाईशी सभ्य माणूस हसतो तसं हसले. "कोन्या गावच्या तुम्ही?"

मी बाजूला झाले, कारण त्यांनी सांगितलं होतं.

"पलीकडच्या," मी म्हटलं. "अंगणवाडीत असतो मी."

"मंग चला गेटपावतर. कडेनं चाला, ठेच लागते."

आम्ही चालू लागलो. ते स्लीपरवरून, मी खालच्या वाटेनं. फोन वाजत होता. प्रज्वल असणार. मी तो बंद केला. मला ह्यांच्याशी बोलायचं होतं. परक्या बाईनं विचारावं तसं विचारलं, "घरी कोन हाय तुमच्या?"

"बायको हाय. तीही अंगणवाडीतच. लय तिखट बाई."

"असं? मंग कसं जमते तुमचं?"

"जमते ना. तिच्या हातचं खाल्लं का मानूस भांडन विसरते." ते थांबले, एक चावी ठोकली. मग हातोडा टेकवून तसेच उभे राहिले. "पन तिचं वाईट वाटते मले. तिले इथं करमत नाही. पानी लांबून आना, विंचूकाट्याचं भ्या, बोलाले मानूस नाही. दर मार्चात ती माह्या बदलीचा अर्ज लिवून देते. अक्षर पाहान तिचं! छापल्यावानी. मी तो खिशात घालून साहेबाच्या हापिसापावतर जातो."

"अन् साहेब नामंजूर करते," मी म्हटलं. मला पाठच होतं ते.

"साहेबाले काय मालूम?" हे म्हणाले. "मी अर्ज देतच नाही. दारातून वापस येतो."

बावीस अर्ज. मी लिहिलेले बावीस अर्ज. प्रत्येक मार्चात नवा कागद, समास सोडून, "महोदय" पासून "आपला विश्वासू" पर्यंत. बावीस वर्षं मी चार वेगवेगळ्या साहेबांच्या नावानं बोटं मोडली होती. त्यातला एक वारला तेव्हा मी मनातल्या मनात बरं म्हटलं होतं! मला इतका संताप आला की तो हातोडा हिसकावून घ्यावासा वाटला.

"काऊन?" माझा आवाज चढला. "काऊन नाही देत?"

ते दचकले नाहीत. परक्या माणसाला खरं सांगणं सोपं असतं.

"इथली एकेक चावी मले वळखते, बाई. दुसरीकडं गेलो तं मी कोन? चाळीस मजुरांतला एक." ते चालू लागले. "अन् दुसरं असं का, सांजच्याले मी येतो तं ती दारात उभी राह्यते. माह्या पायाचा आवाज आयकून. मले दुरून दिसते ती. शहरात इतक्या लोकायच्या पायात माहा पाय तिले काय आयकू येईन? मंग ती काऊन उभी राहीन दारात?"

रडू येत होतं, ते रागाचं होतं की कशाचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्या दारात मी भाकरीसाठी उभी राहायची असंच मला वाटायचं. आणि घर सोडून म्हैसूरला जायचा फॉर्म प्रज्वलनं पाठवला, तेव्हा मी काय केलं? ह्यांना विचारलंच नाही. घरमालकाला कळवलं, ट्रक ठरवला, ह्यांची सहीसुद्धा मीच ठोकली. त्यांनी माझे अर्ज बुडवले आणि मी त्यांचा परस्पर भरला. दोघंही सारखेच.

"हे सांगितलं का तिले?"

"नाही सांगितलं. सांगीन. पन त्याच्याहून मोठं एक हाय, ते पयले सांगा लागते."

"काय?"

"गेट येऊ द्या. बसून सांगतो."

गेट आलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. ते भिंतीच्या सावलीत बसले, हातोडा मांडीवर आडवा घेऊन. बसल्यावर पाठ वाकली, डावा पाय वाकडा पडला आणि चौऱ्याहत्तर वर्षं परत आली. रिक्षा मी थांबवून ठेवली होती. वीस मिनिटांत ट्रकपाशी पोचलो असतो. साडेतीनच्या आत. "हे बघा, आपणहून आले," असं म्हटलं असतं, आणि कोणी विचारलं असतं तर मागे उभं राहून चार बोटं दाखवली असती.

आणि पुढच्या वेळी? कुठल्यातरी गावात दुसरी एखादी लाइन दिसेल, हे तिच्यावर चढतील आणि चाळीस वर्षांचे होतील. मशीन म्हणेल, हे ते नव्हेत. तो आवाज ओळखणारा कान जगात एकच आहे, आणि तोही सदुसष्ट वर्षांचा. मला त्यांना मोकळं ठेवायचं होतं, पण नुसती लपवत राहिले तर मी त्यांना गमावणार होते. हे मला त्या रुईच्या झाडापाशी उभं राहून एकदम लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं.

मी फोन चालू केला. समीक्षानं लगेच उचलला.

"तिसऱ्या नंबरची पावलं माझ्या माणसाची आहेत," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"खोटं बोलले. आता लिहून घे. माझ्या माणसाच्या दोन चाली आहेत. एक घरातली आणि एक रुळावरची. दोन्ही त्यांच्या नावावर लाव. पथक पाठवू नकोस, मी आणते. आणि डॉक्टरांकडे परत तपासणी लाव. या वेळी मी खोलीच्या बाहेर थांबेन."

ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, पट्टा लागेल."

"लागू दे. पण ह्यांना चालायला लागतं. रोज."

"सोबत कोणी असेल तर कुठंही जाता येतं. सोबतीचं एक नाव नोंदवावं लागतं. पण रोज सोबत चालणारं कोण मिळणार?"

"पंचफुला बोरकुटे."

"नातं?"

मी मागे वळून पाहिलं. हे सावलीत जरा सरकले होते, बाजूची जागा हातानं झाडत होते. "या ना, बाई," त्यांनी हाक मारली. "बसा. सांगतो."

मी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज खाली आणला.

"बायको," मी म्हटलं. "पण हे त्यांना इतक्यात कळवू नकोस. परक्या बाईला त्यांचं अजून सांगून व्हायचंय."